ग्रॅनाइट जमिनीखाली बनतो कसा आणि खोल फॉल्टमधून वर चढतो कसा: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही सात-आठ जण पहाटेच निघतो, कधी रामटेक-देवलापारकडे, कधी साकोलीकडे, कधी गोंदियाच्या गाडीने पार दरेकसापर्यंत, आणि दिवसभर दगड बघत फिरतो. सोबत कॉलेजची पोरं असतात, बोअरवेलवाले असतात, रिटायर झालेले काका-काकू असतात. तर्री-पोहे खाताना जे प्रश्न निघतात ते दर वेळी जवळपास सारखेच, आणि त्यातले निम्मे ग्रॅनाइटचे. मला हा विषय मनापासून आवडतो त्यामुळे उत्तरं लांबतात आणि पोहे थंड होतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं.

प्लूटॉन म्हणजे काय? आणि बॅथोलिथ म्हणजे तेच का?

जमिनीखाली काही किलोमीटर खोल मॅग्मा, म्हणजे वितळलेला दगड, येऊन थांबला आणि तिथल्या तिथे थिजून दगड झाला, की त्या एका अख्ख्या तुकड्याला प्लूटॉन म्हणायचं. तो बॉलसारखा गोल असतो असं चित्र पुस्तकात असतं पण खरे प्लूटॉन बरेचदा जाड भाकरीसारखे आडवे पसरलेले, नाहीतर पाचरीसारखे असतात. असे पुष्कळ प्लूटॉन एकमेकांना खेटून, एकमेकांत घुसून बसले आणि जमिनीवर उघडं पडलेलं क्षेत्र १०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं की तो बॅथोलिथ. डाइक म्हणजे भेगेत भरून थिजलेला मॅग्मा, भिंतीसारखा उभा. आणि फॉल्ट म्हणजे दगडातली अशी तड जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. एवढे चार शब्द पुढे लागतील.

आमच्या ओट्यावरचा काळा ग्रॅनाइट हाच का?

बहुतेक वेळा नाही. दगडाच्या धंद्यात पॉलिश घेणाऱ्या कुठल्याही कडक दगडाला ग्रॅनाइटच म्हणतात. सोनेरी ठिपके असलेला तो काळा दगड, ज्याला दुकानात ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात, तो आंध्रातल्या चिमाकुर्तीचा आहे आणि जातीने गॅब्रो नावाच्या काळ्या दगडाच्या जवळचा, त्यात क्वार्ट्झ शोधून सापडायचं नाही. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, दोन प्रकारचे फेल्डस्पार (फिकट रंगाचं खनिज) आणि थोडं काळं किंवा चंदेरी अभ्रक असतं. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार मिळून जेवढं होतं त्यात क्वार्ट्झचा वाटा २० ते ६० टक्के पाहिजे. राजस्थानातल्या जालोरचा गुलाबी दगड घेतला असेल तर तो मात्र अस्सल ग्रॅनाइट.

नागपुरात काळा दगड आहे सगळीकडे, मग ग्रॅनाइटचं इथे काय काम?

सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तिथून पश्चिमेला जेवढं जाल तेवढा काळा बसाल्ट, म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण शहराच्या पूर्व अंगाला हा थर संपतो आणि त्याच्याखाली जे दबलेलं होतं ते उघडं पडतं, नाइस आणि शिस्ट (दाबाने-उष्णतेने बदलून पट्टेदार झालेले दगड), ग्रॅनाइट, असे फार जुने दगड. उत्तरेला कामठी-सिल्लेवाड्याकडे मधेच गोंडवनाचा कोळसा. म्हणजे एका शहराच्या हद्दीत आणि तिच्या आसपास पृथ्वीच्या इतिहासाची तीन वेगवेगळी पानं उघडी आहेत, अशी शहरं फार नाहीत हो. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते स्टीफन हिस्लॉप १८५० च्या दशकात इथे दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडले ते उगाच नाही.

आणि पूर्वेला अजून पुढे गेलं, गोंदिया ओलांडून छत्तीसगडात, की डोंगरगढच्या आसपास सुमारे २५० कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट मोठ्या क्षेत्रावर पसरलेला आहे. नवरात्रात आपल्याकडून बम्लेश्वरीच्या दर्शनाला गाड्या भरून लोक जातात, त्यांनी येता-जाता खिडकीतून तो मुलूख बघितलेलाच असतो.

जमिनीखाली लाव्हाचा समुद्रच आहे ना, मग दगड वेगळा वितळायची काय गरज?

हा समज सगळ्यात जास्त. खाली समुद्र वगैरे नाही. आपल्या पायाखालचं क्रस्ट, म्हणजे पृथ्वीचं वरचं कवच, साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे आणि ते घट्ट आहे, त्याखालचं मॅन्टलसुद्धा जवळपास सगळं घट्टच, फक्त फार सावकाश वाहू शकणारं. मॅग्मा हा अपवाद असतो, कुठेतरी काहीतरी बिघडलं की तयार होणारा.

खोल जाताना दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशाने तापमान वाढतं, पण हा दर खाली खाली कमी होत जातो, त्यामुळे नेहमीच्या परिस्थितीत क्रस्टच्या तळाशीही दगड वितळत नाही. वितळायला तीनपैकी काहीतरी लागतं. एक म्हणजे दोन खंड आपटून क्रस्ट दुप्पट जाड होणं, मग त्यातल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमची उष्णता आत कोंडून राहते. दुसरं म्हणजे मॅन्टलमधून आलेला हजार अंशाच्या वरचा बसाल्टचा मॅग्मा क्रस्टच्या बुडाशी येऊन बसणं, तव्यासारखा. तिसरं म्हणजे पाणी. कोरडा दगड जिथे ढिम्म हलणार नाही तिथे पाणी असलं की तोच ६५० अंशाच्या आसपास वितळायला लागतो, हे टटल आणि बोवेन या भूशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाबाखाली दगड तापवून दाखवलं, त्यांचं काम १९५८ साली छापून आलं आणि ग्रॅनाइट हा मॅग्मापासून होतो की नाही हा पिढ्यान् पिढ्या चाललेला वाद त्याने बराचसा मिटवला.

आता खोल दगडात सुटं पाणी जवळपास नसतंच, ते असतं अभ्रकाच्या आत बांधलेलं. पांढरं अभ्रक ७०० ते ७५० अंशाच्या आसपास फुटतं, काळं अभ्रक ८०० ते ८५० ला, आणि फुटताना ते पाणी सोडतात जे लगेच वितळण्यात जातं. अभ्रक म्हणजे दगडाने वाईट दिवसांसाठी जपून ठेवलेलं पाणीच म्हणा.

दगड वितळला तरी तो थेंब थेंब वितळणार. एवढा मोठा साठा गोळा होतो कसा?

माझ्या मते हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो एका आठवीतल्या मुलीने विचारला होता.

सगळा दगड एकदम वितळत नाही. आधी क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक जिथे एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यांत रस सुटतो. असे थेंब वाढत जाऊन साधारण ७ टक्क्यांपर्यंत आले की ते एकमेकांना जोडले जातात आणि दगडाची ताकद एकदम घसरते. पण जोडले गेले म्हणजे बाहेर आले असं नाही, कारण हा रस भयंकर चिकट असतो, पाण्यापेक्षा काही कोटी पट तरी.

इथे श्रीखंडाचा चक्का आठवा. दही फडक्यात बांधून टांगून ठेवलं तर पाणी गळतं पण रात्र जाते. तेच फडकं हाताने पिळलं की धार लागते. खाली दगडाच्या बाबतीत पिळणारा हात म्हणजे टेक्टॉनिक दाब, क्रस्टचे मोठे तुकडे हलण्याने येणारा, दोन बाजू एकमेकींना घासत सरकत असतात आणि मधला अर्धवट वितळलेला दगड पिळला जातो. रस जिकडे दाब कमी तिकडे पळतो, बारीक भेगांत, घड्यांच्या वाकणांत, आणि मुख्य म्हणजे त्या घासणाऱ्या पट्ट्यांत ज्यांना शिअर झोन म्हणतात. म्हणजे फॉल्ट खाली ग्रॅनाइटची वाट बघत बसलेला पाईप नसतो, तो पिळायचं कामसुद्धा करतो.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. देवलापारच्या पुढे एका नाल्यात, पाणी आटल्यावर, धुवून निघालेला नाइस दिसतो, तिरोडी नाइस म्हणतात त्याला, दीडशे कोटी वर्षांपेक्षा जुना. गुडघे टेकून बघितलं तर राखाडी दगडात पेन्सिलीएवढ्या जाडीचे पांढरे पट्टे आहेत, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे, आणि प्रत्येक पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना काजळाची रेघ ओढावी तशी काळ्या अभ्रकाची किनार. पांढरं ते वितळून निघालेलं, काळं ते न वितळता मागे राहिलेलं. असे सात-आठ पट्टे एका तिरप्या रेषेपाशी येऊन वाकतात, ज्या बाजूला दगड सरकला त्या बाजूला वाकतात, आणि त्या रेषेत त्यांचा मिळून तळहाताएवढा रुंद एकच पांढरा पट्टा होतो. ओहोळ नदीला मिळावेत तसं. तो दगड वितळत असतानाच सरकत होता हे त्या वाकण्यावरून कळतं. अशा अर्धवट वितळून गोठलेल्या दगडाला मिग्मटाइट म्हणतात, आणि आपण जी मोठमोठी प्रकरणं वाचतो ती सगळी त्या दोन हात जागेत दिसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ऊन चढेपर्यंत तिथून हललो नव्हतो.

मग तो वर काऊन चढतो? हलका म्हणून?

हो, मुख्य कारण तेच. पाण्याची घनता १ धरली तर घट्ट क्रस्टची २.७ ते २.८, ग्रॅनाइटच्या मॅग्माची २.३ ते २.४ च्या आसपास. तेलासारखा वर येऊ पाहतो. शिवाय वितळताना आकारमान थोडं वाढतं, त्याने आजूबाजूचा दगड तडकतो. आणि वरून बाजूने पिळणं चालू असेल तर टूथपेस्टसारखा रेटा मिळतो तो वेगळा.

पुस्तकात तर तो फुग्यासारखा वर येताना दाखवतात. आणि तुम्ही भेग म्हणता.

फुगा म्हणजे डायापिर. बरीच वर्षं हेच चित्र शिकवलं गेलं, मलाही हेच शिकवलं होतं. अडचण अशी की एवढा मोठा गोळा वर सरकायचा तर आजूबाजूच्या घट्ट दगडाने बाजूने वाहत जाऊन वाट दिली पाहिजे, आणि ते इतकं सावकाश होतं की लाखो वर्षं लागतात, तोवर गोळा थंड होऊन मधेच अडकतो. खोलवर, जिथे सगळंच गरम आणि मऊ आहे तिथे डायापिर चालतो, वरच्या थंड क्रस्टमध्ये त्याचं काही खरं नाही.

१९९० च्या दशकात क्लेमेन्स, पेटफोर्ड आणि त्यांच्या सोबतच्यांनी गणित मांडलं की ग्रॅनाइटचा मॅग्मा अरुंद भेगांतून, डाइकमधून, आरामात चढू शकतो. भेग फार अरुंद असली तर मॅग्मा काठाला गोठून तीच बंद होते, पण काही मीटर रुंद असली तर मॅग्मा स्वतःची उष्णता घेऊन इतक्या वेगाने जातो की गोठायला सवड मिळत नाही. सेकंदाला एक सेंटिमीटर हा वेग धरा, मुंगीपेक्षा हळू, तरी दिवसाला ८६४ मीटर होतात आणि ३० किलोमीटर पार करायला ३५ दिवस. म्हणजे क्रस्टच्या बुडापासून वरपर्यंत, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत! त्यांनी हे गणित पेरूमधल्या कोर्डिलेरा ब्लांका बॅथोलिथला लावलं, जो एका मोठ्या फॉल्टला धरून उभा आहे, तर अख्खा बॅथोलिथ भरायला काही शे वर्षं पुरतील असं उत्तर आलं.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हे गणित सांगतं की रस्त्याची क्षमता किती, गाड्या तेवढ्या सुटल्या असं नाही. झिरकॉन म्हणजे ग्रॅनाइटमधलं बारीक खनिज, ज्यावरून दगडाचं वय काढतात, त्याच्या कणांची वयं काढली तर त्याच बॅथोलिथमध्ये लाखो वर्षांचा फरक दिसतो. घोडं अडतं ते खाली, वितळण्यात आणि पिळून गोळा होण्यात. रस्ता उघडतो, थोडा माल वर जातो, बंद होतो, परत हजारो वर्षांनी उघडतो.

फॉल्ट तर वरच्या कडक दगडातली तड असते. ती ३० किलोमीटर खाली कशी असेल?

वर तड, खाली शिअर झोन. साधारण १०-१५ किलोमीटरपर्यंत दगड फुटतो. त्याखाली ३०० अंशाच्या वर गेलं की क्वार्ट्झ मऊ पडायला लागतं आणि मग दगड फुटण्याऐवजी ताणला जातो, पोळीची कणीक ताणावी तसा. त्यामुळे वर जो फॉल्ट काही मीटर रुंद असतो तोच खाली किलोमीटरभर किंवा त्याहून रुंद पट्टा असतो ज्यात दगडाचे कण चिरडून बारीक झालेले असतात, त्याला मायलोनाइट म्हणतात.

असा पट्टा आपल्याला लांब नाही. मेळघाटात गाविलगडची डोंगररांग जिथे एकदम खाली कोसळते तिथून पूर्व-ईशान्येला सातपुड्यातून तान नदीकडे जाणारा गाविलगड-तान शिअर झोन. आपण नळाला ज्या कन्हानचं पाणी पितो तिच्या वरच्या खोऱ्यात, छिंदवाड्याकडे, या पट्ट्यातले ग्रॅनाइट दाबून, ताणून पार पट्टेदार झालेले सापडतात.

बरं, पण फॉल्ट मॅग्माला मदत नेमकी काय करतो? उघडी भेग असते का तिथे?

उघडी भेग एवढ्या खोल टिकतच नाही. ३० किलोमीटरवर वरच्या दगडाचं वजन आठ हजार वातावरणांएवढं दाबत असतं, पोकळी राहील कशी. त्यामुळे जागा आधी झाली आणि मग मॅग्मा शिरला असा क्रम खोलात नसतो, मॅग्माचा स्वतःचा दाब भेगेला आतून ढकलून उघडी ठेवतो आणि मॅग्मा गेला की ती मिटते.

फॉल्टचा उपयोग वेगळा आहे. तो सरळ रेषेत कधीच नसतो, वळणं घेतो. दोन बाजू एकमेकींच्या शेजारून सरकताना एका प्रकारच्या वळणावर त्या एकमेकींवर रेटल्या जातात, दुसऱ्या प्रकारच्या वळणावर एकमेकींपासून लांब जातात. लांब जातात तिथे दाब कमी, आणि मॅग्मा तिकडे ओढला जातो. फ्रान्समधला मॉर्तान्यचा ग्रॅनाइट दक्षिण आर्मोरिकन शिअर झोनच्या अशाच एका फाकलेल्या जागेत बसलाय असं मानतात. रेटल्या जातात तिथे उलट, मॅग्मा पिळून वर ढकलला जातो. शिवाय त्या पट्ट्यात दगड आधीच कमजोर, त्याचे पापुद्रे उभे, त्यामुळे भेग वाढवायला कमी जोर लागतो. आणि प्रत्येक वेळी फॉल्ट सरकला की थोडा माल पंपासारखा पुढे जातो.

हे उभ्या क्रमाने बघायचं असेल तर कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट. उत्तर-दक्षिण साधारण ४०० किलोमीटर लांब, अरुंद पट्टी, वय २५० कोटींच्या आसपास. तिकडचं क्रस्ट दक्षिणेला जास्त झिजलंय, त्यामुळे दक्षिणेला गेलात तर ग्रॅनाइटची मुळं दिसतात, जिथे दगड वितळत आणि शिअर होत होता, मधे रामनगरच्या टेकड्यांकडे चढण्याचा भाग, आणि उत्तरेला वर येऊन वेगवेगळे बसलेले प्लूटॉन. झाड आडवं पाडून ठेवावं तसं. बंगळूरला आयटीत असलेल्या नागपूरच्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एक शनिवार काढा.

प्रत्येक ग्रॅनाइट फॉल्टवरच असतो का?

नाही, आणि इथे मी स्वतः पूर्वी चुकीचं सांगत होतो. १९९९ साली पॅटरसन आणि श्मिट यांनी नकाशे घेऊन मोजमाप केलं की प्लूटॉन खरंच फॉल्टजवळ जास्त असतात का, आणि उत्तर आलं की सहज योगायोगाने जेवढे असतील त्यापेक्षा फार वेगळं काही दिसत नाही. शिवाय उलटंही होतं, गरम मॅग्मा आला की आजूबाजूचं क्रस्ट मऊ पडतं आणि मग सरकायचं असेल तर फॉल्ट तिथेच होतो. आधी ग्रॅनाइट, मागून फॉल्ट. लडाखला पँगाँगला जाताना तांगत्से लागतं ना, तिथे काराकोरम फॉल्टमधले पांढरे ग्रॅनाइट आहेत, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांच्यावर नेमका हाच वाद आहे की फॉल्टने ते वर आणले की ते आधीच तिथे होते आणि फॉल्टने नंतर कापले.

मग कोण आधी हे दगडात कळतं कसं?

फेल्डस्पारचे मोठे स्फटिक बघायचे. मॅग्मा पातळ असतानाच वाहत असेल तर ते स्फटिक नाल्याच्या पुरात काड्या एका दिशेला लागाव्यात तसे लागतात पण स्वतः अख्खे, कडा शाबूत. ग्रॅनाइट गोठल्यावर पिळला गेला असेल तर स्फटिक तडकलेले, शेपट्या फुटलेले, आणि मधलं क्वार्ट्झ लांब फितीसारखं ओढलेलं. एकाच प्लूटॉनमध्ये आतून बाहेर जाताना पहिल्यातून दुसऱ्यात बदल दिसला आणि दिशा तीच राहिली, तर मॅग्मा येत होता, थिजत होता आणि फॉल्ट सरकत होता हे सगळं एकत्र चालू होतं असं म्हणता येतं. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या ग्रॅनाइटमध्ये हे फार अभ्यासलं गेलंय.

एवढा मोठा प्लूटॉन बसायला जागा कुठून येते?

मॅग्मा वर आला म्हणजे खालून निघाला, त्यामुळे हिशोब जुळतो, फक्त दगड इकडचा तिकडे करावा लागतो. कधी वरचं छत उचललं जातं, अमेरिकेतल्या हेन्री माउंटन्समध्ये गिल्बर्ट यांनी १८७७ साली हे दाखवलं. कधी तळ खाली बसतो. कधी छताचे तुकडे तुटून मॅग्मात बुडतात, ग्रॅनाइटमध्ये परक्या दगडाचे कोनेदार तुकडे दिसतात ते तेच. आणि सगळं एकदम येत नाही, पातळ पातळ थर येत राहतात, त्यामुळे एका वेळी लागणारी जागा थोडीच. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीजवळचा टुओलुम्नी हा नकाशावर एकच मोठा प्लूटॉन वाटायचा, वयं काढल्यावर कळलं की तो साडेनऊ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे जवळपास एक कोटी वर्षं थोडा थोडा भरत होता.

बसाल्ट तर सरळ बाहेर आला आणि अर्ध्या महाराष्ट्रावर पसरला. ग्रॅनाइट मधेच का थांबतो?

चिकटपणा हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण पाणीच, आणि हे जरा उलटं वाटतं. ज्या पाण्यामुळे दगड कमी तापमानाला वितळला ते पाणी मॅग्मात फक्त दाबामुळे विरघळून राहतं. मॅग्मा वर आला, दाब कमी झाला, सोड्याची बाटली उघडल्यासारखं पाणी बाहेर पडतं. पाणी गेलं की गोठण्याचा बिंदू वर चढतो आणि तापमान फारसं न उतरताही मॅग्मा थिजायला लागतो. म्हणून जास्त पाण्याचे ग्रॅनाइट खोलच थांबतात आणि कमी पाण्याचे, जास्त गरम असलेले, वरपर्यंत येऊ शकतात. मधे १०-१५ किलोमीटरवर क्रस्टचा स्वभावही बदलतो, तिथे चढणारा मॅग्मा आडवा पसरायला बघतो.

काही मात्र बाहेर येतातच. बाहेर येऊन पटकन थंड झालेला ग्रॅनाइटचा भाऊ म्हणजे रायोलाइट. गोंदियाहून डोंगरगढच्या गाडीत बसा, सालेकसा-दरेकसाचा घाटवजा भाग येतो तिथे बिजली रायोलाइट आहे, गुळगुळीत, बारीक कणांचा, आणि पुढे डोंगरगढला ग्रॅनाइट, डोळ्यांना दिसणाऱ्या स्फटिकांचा. दोन्हींचं वय २५० कोटींच्या आसपास. एकाच काळात काही वर फुटलं आणि काही खाली राहून सावकाश थिजलं, आणि तुम्ही एका तिकिटात दोन्ही बघता.

थिजायला किती वेळ लागतो?

जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट, असा साधारण नियम. दोन किलोमीटर जाडीचा प्लूटॉन तीसेक हजार वर्षांत बराच थंड होईल, दहा किलोमीटरचा आठ लाखांच्या आसपास घेईल.

खोल बनतो तर मग आपल्याला जमिनीवर कसा दिसतो?

वरचं सगळं झिजून गेलं म्हणून. वर्षाला ०.१ मिलिमीटर, नखाच्या जाडीपेक्षाही कमी, एवढंच झिजलं तरी दहा कोटी वर्षांत दहा किलोमीटर जातात. आपल्याकडे तर वेळ २५० कोटी वर्षांचा होता. लेह ते खारदुंगला गाडी चालवताना ज्या ग्रॅनाइटवरून जाता तो एका मोठ्या ज्वालामुखी रांगेचं पोट आहे, रांग झिजली, पोट उरलं.

आत्ता नागपूरखाली मॅग्मा आहे का? भूकंपाची भीती?

मॅग्मा नाही, निवांत राहा. खोल फॉल्ट मात्र मध्य भारतात आहेत. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला तो साधारण ३५ किलोमीटर खोल, क्रस्टच्या तळाजवळ. एवढ्या खोल दगड मऊ असायला हवा, तरी तिथे तो फुटला, म्हणजे नर्मदेच्या पट्ट्यातलं खालचं क्रस्ट थंड आणि कडक आहे. ग्रॅनाइट वितळण्याच्या नेमकी उलटी परिस्थिती.

ग्रॅनाइटमध्ये तांबं, सोनं सापडतं का?

कधीकधी. बालाघाटकडच्या मलाजखंडचं तांबं ग्रॅनाइटमध्येच आहे, गरम पाणी भेगांतून फिरताना तांबं तिथे सोडून गेलं. मनसर-कांद्रीचं मँगनीज मात्र वेगळ्या गोत्रातलं, ते समुद्राच्या तळाशी साचलेलं, त्याचा ग्रॅनाइटशी घोळ करू नका.

पहिल्यांदा बघायला जायचं तर कुठे आणि काय न्यायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एप्रिलमध्ये नाल्यातला दगड हात लावू देत नाही. दहा पट दिसणारं भिंग, पाण्याची एक जास्तीची बाटली दगडावर ओतायला, कारण ओल्या दगडात पट्टे स्पष्ट उठतात, आणि जुनी टूथब्रश शेवाळ घासायला. हातोडी आणू नका. त्या देवलापारच्या नाल्यात मागच्या वर्षी कुणीतरी तो पांढरा पट्टा जिथे वाकतो नेमका तोच कोपरा फोडून नेला, आता तिथे ताजी पांढरी खोक आहे आणि वाकण दाखवायला मला दोन मीटर खाली, अर्ध्या मातीत गेलेल्या दुसऱ्या पट्ट्यापाशी सगळ्यांना वाकवावं लागतं.